पेन्शनीतली थ्री नॉट थ्री

जन्म १९४३. गाव लाँग ब्रँच, टोरांटोच्या पश्चिमेला, ओंटारिओ सरोवराच्या काठी. वजन चार किलोच्या जरा वर. उंची जन्मतः साडेचव्वेचाळीस इंच. पुढे करवत चालली, त्यामुळे आता अडीच-तीन इंच कमी. वर्ण काळपट, जागोजागी उडालेला. अंगावर इंग्रजी सी हे अक्षर आणि त्याच्या पोटात बाण, म्हणजे कॅनडा सरकारचा शिक्का. शिक्षण एकच झालेलं, माणसं मारण्याचं. सध्याचं काम वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, हरणाची शिकार.

ओंटारिओत आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजोबा राहतात. त्यांचं आयुष्य कागदाच्या गिरणीत गेलं. ही बाई त्यांच्याकडे असते. त्यांच्या वडिलांनी ती पन्नाशीच्या दशकात पंधरा-वीस डॉलर मोजून घेतली, आणि नळी कापण्याचा उद्योगही त्यांचाच. शिकारीच्या दिवसांत मी आजोबांबरोबर रानात जातो. मी बार काढत नाही. पण पडलेलं हरीण रानातून गाडीपर्यंत ओढून आणायला दुसरा माणूस लागतो, आणि आजोबांच्या गुडघ्यांनी आता त्या कामाला नकार दिलाय.

बाईच्या घराण्याची ओळख मराठी वाचकाला वेगळी करून द्यायला नको. ट्रेझरीच्या दारात, बँकेची रोकड उतरताना, मतपेट्यांच्या राखणीला जी हवालदाराच्या खांद्यावर असायची ती थ्री नॉट थ्री हीच. एखाद्या पुढाऱ्याला शासकीय इतमामात निरोप देताना हवेत फैरी झडायच्या त्याही कित्येक वर्षं हिच्याच. स्टुलावर बसलेला हवालदार, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरलेली रायफल आणि मिटलेले डोळे, हे दृश्य पाहिलं नाही असा माझ्या पिढीचा माणूस विरळा. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० सालच्या प्रजासत्ताक दिनाला. आपल्याकडे दिसायची ती बहुतेक वेळा मोठी बहीण, नंबर वन मार्क थ्री: पुढून बसक्या नाकाची, बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात घडलेली. आजोबांकडची धाकटी. नंबर फोर, मार्क वन स्टार. नाक पुढे आलेलं, म्हणजे नळीचं टोक लाकडाबाहेर डोकावणारं, आणि अंगाने किंचित भरलेली.

घराण्याचा मूळपुरुष जेम्स पॅरिस ली. १८३१ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला, पण लहानपणीच कॅनडात आला आणि इथल्याच गॉल्ट गावात वाढला. मूळचा धंदा घड्याळजीचा. बोल्ट आणि मॅगझिनची युक्ती त्याची, नळीतले चर लंडनजवळच्या एनफील्डच्या सरकारी कारखान्याचे, म्हणून घराण्याचं नाव ली-एनफील्ड. १८९५पासून इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, भारत, कॅनडा, अमेरिका आणि नंतर पाकिस्तान अशा ठिकाणी मिळून या घराण्यात एक कोटी सत्तर लाखांच्या आसपास लेकी जन्मल्या. एवढ्या मोठ्या खटल्यात एकेकीचे लाड कोण करणार?

लाँग ब्रँचच्या कारखान्यात तर लाड करायला वेळच नव्हता. १९४० साली फ्रान्स पडला, इंग्रजांचं सामान डंकर्कच्या वाळूत राहिलं, आणि कॅनडा सरकारने घाईघाईने हा कारखाना काढला. पुढच्या वर्षी पहिल्या रायफली बाहेर आल्या, आणि युद्ध संपेपर्यंत नऊ लाखांवर गेल्या. कामाला निम्म्याहून जास्त बायका होत्या. कारखान्याची तपासणीची इमारत अजून उभी आहे, मिसिसागा शहरात. आता ते कलाकेंद्र आहे. मराठी घरं त्या भागात पुष्कळ आहेत. आपण पोरांना चित्रकलेच्या वर्गाला जिथे सोडतो तिथे ऐंशी वर्षांपूर्वी बायका रायफलींच्या नळ्या डोळ्याला लावून तपासत होत्या, हे त्यांतल्या बऱ्याच जणांच्या गावी नसतं.

घाईच्या खुणा बाईच्या अंगावर आहेत. नळीच्या आत गोळीला पीळ देणारे चर असतात. शांततेच्या काळात ते पाच कोरले जायचे. युद्धात हिशेब झाला की दोन चरांनीही गोळी तितकीच सरळ जाते, मग उरलेले तीन कशाला कोरायचे? आजोबांच्या रायफलीची नळी उजेडाकडे धरून पाहिली की दोनच चर दिसतात. वळत जाणारे, अजून चकचकीत. बोल्ट काढून घेण्यासाठी आधी एक वेगळा खटका असायचा. तो मार्क वन स्टारमध्ये काढून टाकला आणि त्याच्या जागी पन्हळीत एक नखभर खाच ठेवली. ही खाच तिचं मर्म आहे. तिची कड झिजली किंवा तुटली की ऐन वेळी बोल्टचं डोकं पन्हळीतून सुटतं. जुनी थ्री नॉट थ्री विकत घेणारा जाणकार आधी तिथे अंगठा फिरवतो, मग बोल्टवरचा नंबर आणि अंगावरचा नंबर एकच आहे का ते बघतो. लष्करातून निघताना हजारो बोल्ट एका पेटीत आणि रायफली दुसऱ्या पेटीत असे प्रकार झालेले आहेत. नंबर जुळत नसेल तर काडतुसाच्या मागे फट राहण्याचा धोका, आणि त्या फटीत पितळी टोपण फाटलं तर आगीची झळ तोंडाकडे येते. स्वस्त वस्तू नीट बघून घ्यावी, इतकंच.

ती युद्धात कुठे कुठे हिंडली हे ती सांगत नाही. घराण्याच्या नोंदी मात्र आहेत. १९४३च्या डिसेंबरात इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर ऑर्टोना गावात कॅनडाचे सैनिक घराघरातून, भिंती फोडून लढत होते. त्यांच्या डाव्या बाजूला, त्याच चिखलात, आठवी भारतीय डिव्हिजन होती, आणि त्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. कॅनडाच्या ओंटारिओचा आणि साताऱ्या-रत्नागिरीचा असे दोघे पोरगे एकाच जातीच्या रायफली घेऊन, एकाच मापाची काडतुसं भरून, एकाच नदीपाशी अडकले होते. हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तुमच्याकडच्यांनी त्या रायफलींचं नंतर काय केलं?" मी म्हटलं, पोलिसांना दिल्या. त्यावर ते जरा विचारात पडले. "आणि पोलिसांनी?" मी म्हटलं, सत्तर वर्षं वापरल्या.

इथे तसं झालं नाही. युद्ध संपलं, नवी शस्त्रं आली, आणि गोदामांमध्ये लाखांनी रायफली पडून राहिल्या. सरकारला त्यांच्या राखणीचा खर्च नको होता. वितळवणं किंवा विकणं हे दोनच मार्ग. अमेरिकेत सॅम्युअल कमिंग्ज नावाच्या माणसाने हा माल उचलण्याचा प्रचंड धंदा उभा केला. युरोपभरच्या सैन्यांचा टाकलेला माल व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या गोदामांत यायचा आणि तिथून मासिकांतल्या जाहिरातींमार्फत, टपालाने, घरोघर जायचा. दहा ते पंचवीस डॉलर ही किंमत होती. त्या वेळी दुकानातली नवी शिकारीची रायफल त्याच्या कितीतरी पट महाग. युद्धावरून आलेल्या, शेतावर किंवा गिरणीत राबणाऱ्या माणसाला हीच परवडायची, आणि ती चालवायची कशी हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. अंधारात, ओल्या बोटांनी बोल्ट ओढायला तो शिकला होता, तेही सरकारच्या पैशाने.

या टपालाच्या व्यापाराची दुसरी बाजूही आहे. १९६३ साली केनेडींवर झाडलेली रायफल अशीच टपालाने मागवलेली, दुर्बिणीसकट एकोणीस डॉलर पंचाण्णव सेंटची, इटालियन सैन्याची जुनी कार्कानो होती. पुढे १९६८च्या कायद्याने अमेरिकेत टपालाने बंदुका मागवणं बंद झालं आणि लष्करी रायफलींच्या आयातीलाही बरीच वर्षं दार बंद राहिलं. ते योग्यच झालं असं माझं मत आहे, आणि आजोबांचंही. कॅनडात आज परवान्याशिवाय, अभ्यासक्रम आणि परीक्षा दिल्याशिवाय, ही बाई घरात आणता येत नाही. घरातही ती बंदोबस्तात ठेवावी लागते.

आता तिचा स्वभाव.

पहिली गोष्ट म्हणजे ती उलटी चालते. युरोपातल्या बहुतेक बोल्टवाल्या रायफलींत बोल्ट उचलताना जोर लागतो, कारण आतली स्प्रिंग तेव्हा ताणली जाते. थ्री नॉट थ्रीमध्ये बोल्ट सहज वर होतो, सहज मागे येतो, आणि ताण पडतो तो पुढे ढकलताना. ढकलायला पूर्ण हाताचा जोर मिळतो, म्हणून ती भराभर चालते. पहिल्या महायुद्धाआधी इंग्रज शिपायाला एका मिनिटात तीनशे यार्डांवरच्या लक्ष्यावर निदान पंधरा गोळ्या मारण्याची सवय लावलेली होती. हरणासाठी या घाईचा काही उपयोग नाही. हरीण दुसऱ्या बाराला थांबत नाही. पण बोल्ट गुळगुळीत फिरतो आणि आवाज कमी होतो, हा फायदा रानात कळतो.

दुसरी गोष्ट, काडतूस भरताना ती मानापमान पाळते. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये एकावर एक बसताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे असली पाहिजे. एखादं मागे राहिलं की त्याची कड खालच्याच्या कडेत अडकते आणि बोल्ट ढकलला की सगळी रांग रुसते. आजोबा एकेक काडतूस अंगठ्याने दाबून, कड बघून भरतात. दहाची सोय असताना तीनच भरतात. का असं विचारलं तर म्हणतात, तीनात झालं नाही तर घरी जाऊन चहा प्यावा.

तिसरी तिची नजर. ती लांबची आहे. लष्कराने डोळ्याजवळ भोकाची चकती दिली, ती तीनशे यार्डांच्या माणसासाठी. ओंटारिओच्या झाडीत हरीण दिसतं पन्नास-साठ यार्डांवर, फार तर शंभर. चकतीवर भरवसा ठेवून नेम धरला तर गोळी चार-सहा इंच वर जाते, आणि हरणाच्या बाबतीत चार-सहा इंच म्हणजे फुप्फुस आणि कणा यांच्यातलं अंतर, किंवा हरीण आणि त्याच्या मागचं झाड यांच्यातलं. कित्येकांनी पहिल्या मोसमात रायफलीला शिव्या घातल्या त्या यामुळे. आजोबांच्या वडिलांनी नळी कापली तेव्हा टोकावरची नेमाची सुई मुळापासून नवी बसवावी लागली. ती त्यांनी आधीपेक्षा उंच बसवली. पुढची सुई उंच झाली की नळी तेवढी खाली झुकते, आणि गोळी शंभर यार्डांवर जिथे बघू तिथे बसते. शाळा सहावीपर्यंत, पण हा हिशेब त्यांनी गॅरेजमध्ये कानशीने केला.

थंडीत ती अजिबात कुरकुरत नाही, आणि या देशात ते मोठं सर्टिफिकेट आहे. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सकडे १९४७पासून हीच होती. २०१८च्या सुमाराला त्यांना नवी रायफल मिळू लागली. सत्तर वर्षं बदलली नाही याचं कारण काही हट्ट नव्हे. हिचे भाग जरा सैलसर जुळवलेले, त्यामुळे तेल गोठलं, बर्फाचा कण आत गेला, तरी बोल्ट हलतो.

खोडीही आहेत. दस्त्याच्या टोकाला धातूची पट्टी आहे, रबर नाही. उन्हाळ्यात सदऱ्यावर सरावाचे बार काढले की खांद्यावर दोन दिवस निळं पडतं.

सरावाची काडतुसं हा वेगळाच विषय. आजोबांच्या वडिलांनी रायफलीबरोबर लष्करी काडतुसांचे डबे घेतले होते. त्यातली शेवटची काही अजून आहेत. एके दिवशी त्यांनी ती मला टेबलावर ओतून दाखवली. बुडावर कारखान्याची अक्षरं आणि साल ठोकलेलं असतं. कॅनडाची, इंग्लंडची, आणि मधूनच एक, ज्याच्यावर के आणि एफ. मी ते उचललं आणि खिडकीशी नेलं. के. एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी. खडकी. १८६९पासून दारूगोळा बनवणारा आपला पुण्याचा कारखाना, जिथे माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी नोकरीला होतं. आजोबांना ते काडतूस माहीत होतं ते वेगळ्या कारणाने: रायफलवाल्यांमध्ये के. एफ.चा लौकिक फारसा चांगला नाही, बार कधी उशिरा उडतो. मला जरा लागलं, पण पाऊणशे वर्षं कुठकुठल्या गोदामांत उन्हापावसात पडलेल्या काडतुसाकडून अजून काय मागायचं, असं म्हणून मी गप्प बसलो.

एक काडतूस त्यांनी पक्कडीने उघडलं. आतून दारू निघाली ती पावडरीची नव्हतीच. शेवयांची जुडी, पिवळसर तपकिरी, टोकं सारखी कापलेली. ही कॉर्डाइट. तिच्याहून जास्त त्रास होतो तो बुडातल्या टोपीचा. त्या टोपीतल्या जुन्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असतं. बार झाला की नळीत क्षार राहतो, आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. त्या रात्री नळी धुतली नाही तर सकाळी गंज दिसतो. तेलाने क्षार निघत नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणून आजोबा किटलीत पाणी उकळतात, नरसाळं लावून मागून नळीत ओततात, खाली बादली. नळी गरम झाली की स्वतःच कोरडी होते. मग फडक्याला तेल लावून आत-बाहेर. लष्कराने शिपायाला हेच शिकवलं होतं, नरसाळ्यासकट. दस्त्याच्या लाकडाला वर्षातून एकदा जवसाचं तेल हाताने चोळतात, तेव्हा त्यांच्या बायकोच्या मते गॅरेजमध्ये दोन दिवस जाता येत नाही.

हरणासाठी मात्र ही लष्करी काडतुसं चालत नाहीत. रानात नेतात ती दुकानातली, एकशे ऐंशी ग्रेनची, टोकाला शिसं उघडं असलेली. यामागे एक इतिहास आहे, आणि तो आपल्या दमदमपर्यंत जातो. १८९०च्या दशकात वायव्य सरहद्दीवर इंग्रजांची तक्रार होती की तांब्या-निकेलच्या वेष्टणातली नवी गोळी पठाणाच्या अंगातून आरपार जाते आणि तो चालतच राहतो. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीच्या टोकाचं वेष्टण काढलं. अंगात शिरली की ती फुलायची. जखम भयंकर. १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असं ठरलं. तेव्हापासून थ्री नॉट थ्रीला पूर्ण वेष्टणातली गोळी. शिकारीत नेमकं याच्या उलट. कॅनडाच्या अनेक प्रांतांत आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत हरणावर पूर्ण वेष्टणातली गोळी झाडणं गुन्हा आहे. फुलणारीच हवी, म्हणजे जनावर तिथेच पडतं, जखमी होऊन मैलभर जाऊन झुडपात मरत नाही. माणसाला मारायला जी क्रूर ठरली ती हरणाला मारताना दयेची. या दोन्ही कायद्यांशी मला भांडायचं नाही, दोन्ही बरोबर आहेत. पण हे दोन्ही एकाच रायफलीला पाळावे लागले.

नोव्हेंबरातली सकाळ अशी असते. पाच वाजता निघायचं, अंगात भडक नारिंगी जाकीट, डोक्याला नारिंगी टोपी. ती हरणासाठी नाही, दुसऱ्या शिकाऱ्यासाठी. हरणाला तो रंग नीट दिसत नाही. आजोबा एका पडलेल्या मेपलच्या आड बसतात, जिथून ओढ्याकडे जाणारी वाट दिसते. मी त्यांच्या मागे. बोलायचं नाही. पाय आधी थंड पडतात, मग कान. उजाडताना झाडांचे बुंधे हरणं वाटायला लागतात, आणि खरं हरीण येतं तेव्हा ते बुंधा वाटतं. पांढऱ्या शेपटीचं हे हरीण आपल्या चितळाहून अंगाने जास्त, चांगला नर शंभर किलोपर्यंत जातो. तो चालतो, थांबतो, हवा हुंगतो, पुन्हा चालतो. आजोबांचा अंगठा डाव्या बाजूच्या खटक्यावर जातो. त्या खटक्याला हलकासा टक् असा आवाज आहे, आणि तो होऊ नये म्हणून ते दोन बोटांनी धरून तो सावकाश पुढे नेतात. हे मी इतक्या जवळून पाहिलंय की मलाच घाम येतो. हरीण टप्प्यात येऊन आडवं उभं राहिलं, पुढच्या पायामागची जागा मोकळी दिसली, तरच बार. नाही तर नाही.

बार झाला की कुणी धावत नाही. आजोबा बोल्ट ओढून रिकामं पितळ हातात घेतात, खिशात टाकतात, आणि घड्याळ बघतात. थोडा वेळ जाऊ द्यायचा. मग रक्ताच्या मागाने चालायचं, बहुतेक वेळा फार लांब जावं लागत नाही. टॅग लावायचा, पोट तिथेच साफ करायचं, आणि मग माझं काम सुरू होतं. मांस दोन घरांच्या फ्रीजरमध्ये जातं. आमच्या घरी काळ्या मसाल्यात. आजोबांना ते तिखट लागतं, पण ते दुसऱ्यांदा वाढून घेतात.

भारतातून आलेल्या माणसाला यातलं काही पचायला वेळ लागतो, मलाही लागला. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, आणि संपायलाच हवी होती. त्याआधीही ही रायफल सामान्य माणसाला मिळत नव्हती. थ्री नॉट थ्री हे सरकारी माप, खाजगी परवान्यावर वर्ज्य. म्हणून ईशापूरने त्याच बोल्टवर, त्याच सांगाड्यावर, थ्री वन फाइव्ह मापाची रायफल काढली, जी आजही शेतकऱ्यांच्या, बंगलेवाल्यांच्या परवान्यावर दिसते. न्यूझीलंडमध्ये गोष्ट तिसऱ्याच दिशेला गेली. तिथे लाल हरीण मुळात नव्हतंच. १८५०च्या दशकात इंग्रजांनी हौसेने आणून सोडलं, त्याला खाणारा कुणी नव्हता, आणि त्याने डोंगर उघडे केले. १९३०पासून सरकारने पगारी माणसं नेमून हरणं मारायला सुरुवात केली. त्यांच्या हातातही थ्री नॉट थ्रीच. या बाईचा वापर तिथे जंगल वाचवायला झाला, आणि हा जमाखर्च कुठे लिहायचा हे मला ठरवता आलेलं नाही.

आता तंटा. तो तिच्या कापण्याचा आहे.

जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांना आजोबांची रायफल दाखवली की त्यांचा चेहरा पडतो. पुढचं लाकूड अर्ध्यावर कापलेलं, वरचं हातसंरक्षक लाकूड गायब, संगीन अडकवायचे कान नळीबरोबर गेलेले. एकाने तर मला हळू आवाजात सांगितलं की असं करणाऱ्यांना तुरुंगात टाकायला हवं. त्यांचं म्हणणं हिशेबाने खरं आहे. पन्नास-साठच्या दशकांत लाखो रायफली अशा कापल्या गेल्या. इंग्लंडातल्या पार्कर-हेलसारख्या कंपन्या तर शिकारीसाठी कापलेल्या थ्री नॉट थ्री तयार करूनच विकत. त्यामुळे न कापलेली आज दुर्मिळ आणि महाग झाली आहे, आणि कापलेलीला संग्राहकाकडे काहीच भाव नाही.

मी कापणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पंधरा-वीस डॉलरांत घेतलेली, चार किलोंहून जड, संगीनीची सोय असलेली रायफल घेऊन रोज दहा मैल बर्फातून चालणाऱ्या माणसाने ती हलकी करू नये असं म्हणणारा माणूस तिच्याबरोबर कधी चाललेला नसतो. ती स्वस्त होती म्हणूनच तिच्यावर करवत चालवण्याची हिंमत झाली. आज कुणी दुकानातल्या नव्या रायफलीवर कानस मारेल का? तिच्या लष्करी जन्मातलं जे हरणाला उपयोगी होतं ते त्या गॅरेजात राहिलं, जे नव्हतं ते गळून पडलं. पुष्कळ निवृत्त फौजींना हे जमत नाही.

गंमत म्हणजे आता तीच स्वस्त राहिलेली नाही, आणि तिचं खाणं तर त्याहून नाही. लष्करी काडतुसांचे स्वस्त डबे संपले. दुकानातली वीस काडतुसांची पेटी घेताना आजोबा दरवेळी दुकानदाराला आठवण करून देतात की याच्या निम्म्या पैशात बापाने अख्खी बंदूक आणली होती. दुकानदार दरवेळी हसतो. त्याने हे बापाकडूनही ऐकलंय.

आजोबांची नात टोरांटोला शिकते. तिने परवान्याची परीक्षा दिली आहे, रायफल तिच्या नावावर होणार हे घरात ठरलंय. गेल्या वर्षी तिने कुठूनतरी वाचलं की लाँग ब्रँचच्या रायफलींना पुन्हा मूळ रूप देता येतं. जुनी लाकडं मिळतात, नळी मिळते, संगीनसुद्धा मिळते. खर्च मात्र रायफलीच्या किमतीच्या वर जातो. जेवताना तिने आजोबांना विचारलं, "पणजोबांनी कापलेलं लाकूड कुठे ठेवलंय? तेवढं तरी खरं मिळालं असतं."

आजोबांनी भाताबरोबर काळ्या मसाल्याचं मटण पुढे ओढलं. मटण म्हणजे हरणच, पण आमच्या घरी त्याला तेच नाव पडलंय.

"चुलीत," ते म्हणाले. "अक्रोडाचं होतं. छान जळलं म्हणायचे."